आपफेलश्ट्रूडल

आपफेलश्ट्रूडल हा अतिशय पातळ पारीत सफरचंदाचे सारण गुंडाळून भट्टीत भाजला जाणारा गोड पदार्थ आहे. तो मुख्यतः ऑस्ट्रियाचा, विशेषतः व्हिएन्ना शहराचा मानला जातो. जर्मन भाषेत 'आपफेल' म्हणजे सफरचंद आणि 'श्ट्रूडल' म्हणजे पाण्यातील भोवरा. गुंडाळी आडवी कापली असता दिसणाऱ्या वेटोळ्यांवरून हे नाव पडले.

इतिहास

पातळ पापुद्र्यांची ही पद्धत ऑटोमन साम्राज्यातील बकलावासारख्या पक्वान्नांपासून हंगेरीमार्गे ऑस्ट्रियात पोहोचली, असे सामान्यतः मानले जाते. श्ट्रूडलच्या ज्ञात पाककृतींपैकी सर्वांत जुन्या पाककृती १६९६ मधील एका हस्तलिखित पाकपुस्तकात आहेत. दुधाची साय आणि सलगम यांच्या सारणांच्या या कृती असून हे हस्तलिखित व्हिएन्नाच्या नगर ग्रंथालयात जतन केलेले आहे. हॅब्सबर्ग साम्राज्याच्या काळात हा पदार्थ मध्य युरोपात सर्वत्र पसरला.

पारी

पारीसाठी साधारणपणे २५० ग्रॅम मैदा, १२५ मिलिलिटर कोमट पाणी, दोन चमचे तेल, चिमूटभर मीठ आणि व्हिनेगरचे काही थेंब घेतात. पिठात साखर किंवा खमीर घालत नाहीत. गोळा मऊ व तुकतुकीत होईपर्यंत तिंबून, वरून तेलाचा हात लावून किमान अर्धा तास झाकून ठेवतात. तिंबल्याने मैद्यातील ग्लुटेनचे जाळे तयार होते आणि विश्रांतीमुळे ते सैल पडते. विश्रांतीविना ताणलेले पीठ आकसते किंवा फाटते.

नंतर मेजावर कापड अंथरून त्यावर मैदा भुरभुरतात व गोळा थोडा लाटून घेतात. पुढचे ताणण्याचे काम हाताच्या मागच्या बाजूने, मध्यापासून कडांकडे करतात. पारीखाली ठेवलेले पत्र वाचता आले पाहिजे, अशी तिच्या पातळपणाची पारंपरिक कसोटी आहे. जाड राहिलेल्या कडा कापून टाकतात.

सारण व भाजणी

सारणासाठी आंबटसर, घट्ट गराच्या सफरचंदांचे पातळ काप, साखर, दालचिनी, लिंबाचा रस आणि बेदाणे वापरतात. बेदाणे अनेकदा रममध्ये भिजवलेले असतात. लोण्यात परतलेला पावाचा चुरा पारीवर पसरतात. तो फळाचा रस शोषून घेतो, त्यामुळे तळ ओला होत नाही. कापड उचलत गेल्यास पारी आपोआप गुंडाळली जाते. वरून वितळलेले लोणी लावून गुंडाळी सुमारे १९० ते २०० अंश सेल्सियस तापमानावर ३५ ते ४५ मिनिटे भाजतात. पिठीसाखर भुरभुरून ती कोमट असतानाच वाढतात. सोबत व्हॅनिला सॉस किंवा फेटलेली साय देतात.

प्रांतभेद

हंगेरीत या पदार्थाला 'अल्माश रेतेश' म्हणतात. चेक प्रदेश, स्लोव्हेनिया, क्रोएशिया आणि इटलीतील दक्षिण टिरोल येथेही तो घरोघरी होतो. मध्य युरोपातील ज्यू कुटुंबांत लोण्याऐवजी तेल वापरण्याची रीत आहे, कारण त्यांच्या आहारनियमांनुसार मांसाच्या जेवणात दुग्धजन्य पदार्थ चालत नाहीत.

कौटुंबिक परंपरा

साहित्य आणि मापे चार ओळींत मावतात. मात्र पीठ ताणण्याजोगे कधी झाले आणि कुठे थांबायचे, हे वजनकाट्यावर ठरत नाही. मैद्याची प्रत व हवेतील दमटपणा यांनुसार पाण्याचे प्रमाणही बदलते. त्यामुळे हे कौशल्य पाकपुस्तकापेक्षा एकाच मेजाशी उभे राहून, आजीकडून किंवा आईकडून मुलांकडे येते. पारी मोठी असल्यास दोघांनी समोरासमोर उभे राहून ती ताणावी लागते, आणि शिकणाऱ्याचा हात तिथेच तयार होतो.

आता बाजारात तयार पारी मिळते, तसेच लोण्याच्या थरांचे पफ पेस्ट्रीचे पीठही वापरले जाते. त्यामुळे वेळ वाचतो. सारणातील दालचिनीचे, बेदाण्यांचे किंवा अक्रोडांचे घरगुती प्रमाण अशा श्ट्रूडलमध्येही टिकते, कारण ते लिहून ठेवता येते. पारी ताणण्याची कला मात्र, ज्या घरात एक पिढी ती करत नाही, तेथे पुढच्या पिढीला नव्यानेच शिकावी लागते.