सहा तारांतील ब्राझील

बेडन पॉवेल हे नाव उच्चारताच आम्हां शिक्षकांना बालवीरांचा गणवेश, शिटी आणि गळ्यातील रुमाल आठवतो. या लेखाच्या नायकाचा त्या चळवळीच्या संस्थापकाशी संबंध नावापुरताच, पण तो खरा आहे. ब्राझीलमधील रिओ द जानेरो राज्यात, व्हारे-साय या लहान गावी, ६ ऑगस्ट १९३७ रोजी एका बालवीरप्रेमी गृहस्थास पुत्र झाला व त्याने मोठ्या कौतुकाने त्याचे नाव बेडन पॉवेल ठेवले. पुत्राने नाव गाजविले ते मात्र गिटारवर.

कुटुंब लवकरच रिओ शहरी आले. तेथे ‘मेइरा’ या नावाने प्रसिद्ध असलेले झायमे फ्लोरेन्स यांच्यासारखे गुरू बालपणीच लाभले. पाश्चात्त्य अभिजात संगीताची शिस्त आणि रिओच्या गल्लीबोळांतील ‘शोरो’ संगीताची चपळाई, या दोहोंचे धडे त्यांनी दिले. पुढे राफाएल राबेलो हा दुसरा थोर गिटारवादकही याच गुरूंच्या हाताखाली घडला. एका शिक्षकाच्या पुण्याईचे याहून मोठे प्रमाण कोणते?

पॉवेल यांचे वैशिष्ट्य त्यांच्या उजव्या हातात होते. सांबा नृत्यात मोठा ढोल खालचा ठेका धरतो आणि लहान चर्मवाद्ये त्यावर आडवेतिडवे बोल काढतात. पॉवेल यांचा अंगठा जाड तारांवर ढोलाचे काम करी, उरलेली बोटे लहान वाद्यांचे. आणि त्यातूनच गाण्याची चाल स्वच्छ उमटे. ध्वनिमुद्रिका ऐकताना वादक एकच आहे, हे आम्हांस प्रथम खरे वाटले नाही.

१९६२ च्या सुमारास कवी व्हिनिसियस द मोराइस यांच्याशी त्यांची जोडी जमली. बाइया प्रांतात गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांनी आपली देवतागीते जपून ठेवली होती. ब्राझीलमध्ये गुलामगिरी १८८८ साली संपली; गाणी मात्र त्याआधीही जिवंत होती आणि नंतरही राहिली. पॉवेल यांनी ती ऐकली आणि त्यांच्या वळणाच्या नव्या चाली बांधल्या. ‘बेरिंबाऊ’ या रचनेत तर धनुष्याला भोपळा बांधून केलेल्या एकतारी वाद्याचा नाद त्यांनी गिटारमधून काढला. १९६६ साली या जोडीची ‘ओस आफ्रो-सांबास’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्या मुद्रणाचा दर्जा पॉवेल यांना मनाजोगा वाटला नाही. १९९० साली त्यांनी ती गीते पुन्हा मुद्रित केली. थोर कलावंत स्वतःचा कठोर परीक्षक असतो, तो असा!

त्याच १९६६ साली जर्मन संगीतसमीक्षक योआखिम-अर्न्स्ट बेरेन्ट यांनी रिओत त्यांचे वादन मुद्रित केले. ‘त्रिस्तेझा ऑन गिटार’ या त्या मुद्रिकेत देवतागीतांच्या शेजारी अमेरिकन जाझ पियानोवादक थेलोनियस मंक यांची रचनाही येते. आणि ती परकी वाटत नाही. पुढे पॉवेल यांनी पॅरिसला व जर्मनीतील बाडेन-बाडेन येथेही वास्तव्य केले. परदेशी राहूनही मायभूमीचा ठेका त्यांच्या अंगठ्यातून कधी सुटला नाही, हे आम्हां स्थलांतरितांनी ध्यानी घ्यावे.

अखेरच्या वर्षांत त्यांनी इव्हँजेलिकल ख्रिस्ती पंथ स्वीकारला, आणि आपल्याच गीतांतील ‘सराव्हा’ हा आफ्रो-ब्राझिलियन धर्मपरंपरेतील वंदनाचा शब्द उच्चारणे ते टाळू लागले. श्रद्धेपुढे कलेने कोठवर नमावे, हा प्रश्न आम्हां श्रद्धावंतांना नवा नाही. त्याचा निवाडा आम्ही करणार नाही. परंतु मुद्रिका नसत्या, तर एका माणसाच्या मनपालटाबरोबर तो आवाजही मावळला असता, एवढे खरे. २६ सप्टेंबर २००० रोजी रिओ येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा एक पुत्र फिलिप पियानो वाजवितो, दुसरा मार्सेल गिटार.

इस्राएलमध्ये ब्राझिलियन गाण्यांची गोडी १९७० च्या दशकाच्या अखेरीस मत्ती कास्पी व एहुद मानोर यांनी हिब्रूतून लावली. त्यामुळे आमच्या मुलांच्या कानांना हा ठेका अगदीच अनोळखी नाही. वाचकहो, एखाद्या सायंकाळी मुलांना जवळ बसवून ‘बेरिंबाऊ’ लावा. प्रथम त्यांना अंगठ्याने मेजावर खालचा ठेका धरावयास सांगा, मग बोटांनी वरचा. दोन्ही एकदम जमत नाहीत, हे कळले की त्या एका हाताची थोरवी वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.