मुलाच्या पावलाने रुळणारे घर

नोकरीसाठी एकटा माणूस परदेशी जातो तेव्हा त्याचे स्थिरावणे मुख्यतः कामाची जागा, भाड्याची खोली आणि जेवणाची सोय यांवर अवलंबून असते. परंतु लहान मुले असलेले कुटुंब परक्या देशात बिऱ्हाड मांडते तेव्हा तेथील कायदे, दवाखाने, बालवाड्या आणि शेजार हे सारे पहिल्याच महिन्यात उंबऱ्याच्या आत येतात. पुण्या-मुंबईहून जर्मनीत जाणाऱ्या अभियंत्यांच्या आणि संगणकतज्ज्ञांच्या कुटुंबांत हे विशेष जाणवते, कारण उच्चशिक्षितांसाठी तेथे २०१२ पासून दिल्या जाणाऱ्या ‘ब्लू कार्ड’ या निवास-परवान्यावर जोडीदार आणि मुले यांना सोबत नेणे तुलनेने सोपे असते आणि जोडीदाराला नोकरीची मुभाही मिळते. अशा कुटुंबाचे रुळणे मोठ्यांच्या वेगाने होत नाही, मुलाच्या वेगाने होते. जर्मन व्यवस्थाही बऱ्याच अंशी हेच गृहीत धरून उभी आहे, आणि हे वेळीच न उमगल्यामुळे अनेक घरांचे पहिले वर्ष उगाच जड जाते.

आरंभीची कागदपत्रे कंटाळवाणी असली तरी ती उरकता येतात. नव्या घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत स्थानिक नोंदणी कचेरीत पत्ता नोंदवावा लागतो, त्याला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात, आणि करक्रमांकापासून ‘किंडरगेल्ड’ या बालभत्त्यापर्यंत पुढचे बरेचसे व्यवहार या नोंदणीला बांधलेले असतात. हा भत्ता योग्य निवास-परवाना असलेल्या परकीय पालकांनाही मिळतो. २०२५ मध्ये तो दर मुलामागे महिना २५५ युरो होता. सार्वजनिक आरोग्यविम्यात कमावत्या पालकाच्या वर्गणीतच मुले आणि स्वतःचे उत्पन्न नसलेला जोडीदार वेगळा हप्ता न भरता सामावले जातात.

खरी कसोटी बालवाडीपाशी लागते. ज्या देशात फ्रीडरिश फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले, त्या देशात बालसंगोपनाची जागा हा आज मुलाचा कायदेशीर हक्क आहे. १ ऑगस्ट २०१३ पासून एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला तो लागू आहे. प्रत्यक्षात मोठ्या शहरांत जागा अपुऱ्या पडतात, त्यामुळे ‘किटा’त, म्हणजे दिवसभराच्या बालसंगोपन केंद्रात, पुष्कळ आधी नाव नोंदवून वाट पाहावी लागते. शुल्काचे नियमही राज्यागणिक बदलतात. बर्लिनमध्ये ऑगस्ट २०१८ पासून शाळेपूर्वीच्या सर्व वर्षांचे संगोपन-शुल्क माफ आहे, तर इतर काही राज्यांत पालकांना मोठी रक्कम भरावी लागते.

जागा मिळाली म्हणजे मूल दुसऱ्या दिवसापासून तेथे सोडता येईल, हा समज मात्र लवकरच गळून पडतो, कारण आधी ‘आइनगेव्योनुंग’ पार पडावे लागते. या शब्दाचा अर्थ सवय लावणे असा असला, तरी मराठीतला ‘रुळवणे’ हा शब्द त्याच्या अधिक जवळ जातो. यातील ‘बर्लिन पद्धत’ १९८० च्या दशकात बर्लिनमधील ‘इनफान्स’ या संस्थेत आकाराला आली आणि तिचा पाया ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जॉन बोल्बी यांच्या जिव्हाळ्याच्या बंधाविषयीच्या सिद्धान्तात आहे. ज्या मोठ्या माणसाच्या आधारावर मूल निर्धास्त असते, तो आधार जवळ असतानाच ते नवे जग धुंडाळू धजते, असे हा सिद्धान्त सांगतो. म्हणून पहिले तीन दिवस आई किंवा वडील वर्गाच्या कोपऱ्यात शांत बसून राहतात, मुलाला पुढे ढकलत नाहीत आणि जवळ आले तर दूरही सारत नाहीत. चौथ्या दिवशी पालक मुलाचा निरोप घेऊन अर्ध्या तासापर्यंत बाहेर जातात, पण तो दिवस सोमवार असेल तर हा प्रयोग मंगळवारवर टाकला जातो, कारण सुटीनंतर मूल पुन्हा घराला चिकटलेले असते. बाईंनी जवळ घेतल्यावर रडे थांबते की नाही, यावर पुढचा वेग ठरतो. काही मुलांना आठवडा पुरतो, काहींना तीन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. रडणाऱ्या मुलाला फाटकाशी सोडून पाठमोरे निघून जाण्याची जी रीत आपल्याकडे अजून पुष्कळ ठिकाणी चालते, तिच्यापुढे ही पद्धत कितीतरी अधिक माणुसकीची आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे.

मात्र या पद्धतीसाठी लागणारा मोकळा वेळ बहुधा आईच देते, आणि नोकरी सोडून आलेल्या, जर्मन भाषा नुकती शिकू लागलेल्या स्त्रीला आपले काम शोधणे त्यासाठी आणखी काही महिने पुढे ढकलावे लागते. घरातल्या त्यागाची ही बाजू क्वचितच बोलली जाते आणि ती बोलली गेली पाहिजे, कारण वडिलांनी त्या काळापुरती रजा काढली तर ओझे विभागले जाते आणि मुलालाही काही उणे पडत नाही.

किटाच्या खुंटीवर मुलाच्या नावाने पावसाळी चिखल-विजार, जादा कपडे आणि घरात घालायचे मऊ जोडे लागतात, कारण तेथे थंडी-पावसातही मुलांना बाहेर खेळायला नेतात. थंड हवेला आजाराचे कारण मानणाऱ्या आपल्या घरांना हे पचायला वेळ लागतो. लसीकरणाच्या नोंदी भारतातून जपून न्याव्यात, कारण १ मार्च २०२० पासून किटातील प्रवेशासाठी गोवरलसीचा पुरावा सक्तीचा आहे. एक वर्ष झालेल्या मुलाची निदान एक आणि दोन वर्षे झालेल्याच्या दोन मात्रा झालेल्या असाव्या लागतात.

भाषेच्या बाबतीत पालकांची भीती बहुधा उलट्या दिशेची असते. मूल जर्मनमध्ये मागे पडेल म्हणून घरात मोडकी जर्मन बोलण्याचा प्रयत्न होतो, परंतु जर्मन तर मूल किटात सवंगड्यांकडून उचलतेच. जी भाषा घराबाहेर कुठेच कानी पडत नाही ती मराठी असते, आणि घराने ती सोडली की मुलापुरती ती संपते. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ ज्यूल रोंजा यांनी आपल्या मुलाचे फ्रेंच आणि जर्मन दोन्ही भाषांत वाढणे १९१३ च्या ग्रंथात नोंदवले, तेव्हापासून दोन भाषांमुळे मुलाचा गोंधळ होतो या समजुतीला सतत तडे जात आले आहेत. मधूनमधून दोन भाषांची सरमिसळ होणे हा वाढीचाच भाग असतो.

मूल सहा वर्षांचे झाले की शाळा सक्तीची होते. घरी शिकवण्याचा पर्याय जवळजवळ नाहीच, आणि सत्र चालू असताना मावशीच्या लग्नासाठी मुलाला तीन आठवडे नाशिकला आणायचे, तर शाळेची परवानगी लागते. ती न घेतल्यास दंड होऊ शकतो.

दुसऱ्या बाळाचा जन्म तेथे झाला तर बाळंतपणाची रीतही नव्या चौकटीत बसवावी लागते. आजीला शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. ‘हेबामे’, म्हणजे प्रशिक्षित सुईण, पहिले दहा दिवस रोजसुद्धा आणि त्यानंतर बारा आठवड्यांपर्यंत गरजेप्रमाणे विम्याच्या खर्चाने घरी येते, त्यामुळे आजीची मालीश आणि सुईणीचा सल्ला हे दोन्ही आधार साधारण एकाच सुमारास संपतात. आई-वडील दोघांनीही रजा वाटून घेतल्यास पालक-भत्ता बाराऐवजी चौदा महिने मिळतो, तो अशा वेळी मोलाचा ठरतो. एका पालकाचे तेथे पाच वर्षे कायदेशीर वास्तव्य झाले असेल आणि त्याच्याकडे कायम निवासाचा हक्क असेल, तर हे बाळ जन्मतःच जर्मन नागरिक होते. जून २०२४ पूर्वी ही अट आठ वर्षांची होती. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे अशा बाळासाठी सहसा ‘ओसीआय’ हे परदेशस्थ भारतीयाचे नोंदपत्र काढले जाते. मग सुटीत आजोळी येताना पुण्यात जन्मलेल्या थोरल्याचे पारपत्र गडद निळे असते आणि श्टुटगार्टमध्ये जन्मलेल्या धाकट्याचे गडद लाल.