लावणीच्या चिखलातला लेप्टो : अंगात शिरला की जंतू रंग बदलतो

महाड/पोलादपूर : लावणीच्या दिवसांत ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या की "भिजल्यामुळे झालंय" म्हणून एक गोळी घ्यायची आणि परत चिखलात उतरायचं, ही आपल्याकडची रीत. बहुतेक वेळा ताप जातोही. पण तो लेप्टोचा निघाला तर हेच चार दिवस महागात पडतात.

लेप्टोचा जंतू उंदराच्या मूत्रपिंडात राहतो. उंदराला त्याचं काही होत नाही. मुतातून तो शेताच्या आणि गोठ्याच्या पाण्यात येतो, गुरांच्या मुतातूनही येतो. पायाला भेग किंवा कापलेलं असलं की तिथून आत शिरतो.

बाहेर गोड्या पाण्यात असताना हल्ल्याची हत्यारं तो फारशी बनवत नाही. रक्ताचा खारटपणा लागला की जागा बदलली हे त्याला कळतं. खाडीतल्या माशाला भरती कळते, तसंच. मग आपल्या पेशींना चिकटणारी प्रथिनं तो भराभर तयार करतो.

आपल्या शरीराचे पहारेकरी असे जंतू त्यांच्या आवरणावरून ओळखतात. लेप्टोचं आवरण मात्र माणसाच्या पेशींना नीट ओळखू येत नाही. उंदराच्या पेशींना येतं. वर आपल्याच रक्तातलं 'फॅक्टर एच' हे प्रथिन तो अंगाला चिकटवून घेतो, म्हणजे घरचाच माणूस वाटावा.

प्रतिपिंडं तयार व्हायला जवळपास आठवडा लागतो. म्हणून ती शोधणारी रक्ततपासणी पहिल्या चार-पाच दिवसांत निगेटिव्ह आली तरी लेप्टो नाही असं होत नाही. तोवर जंतू मूत्रपिंड, यकृत, कधी फुफ्फुसापर्यंत पोचलेला असतो. डोळे लाल होणं, कावीळ, लघवी कमी होणं, धाप लागणं ही धोक्याची लक्षणं.

मुंबईत २६ जुलै २००५ च्या पुरानंतर लेप्टोचे रुग्ण वाढले होते. जुलै २०२१ मध्ये सावित्रीचं पाणी महाडात शिरलं, तेव्हा घराघरातून चिखल उपसावा लागला. तिथेही धोका हाच.

गमबूट घालून लावणी करा, हे सांगणं सोपं आहे. चिखलात बूट रुततो आणि पाय तेवढा वर येतो. निदान जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावावी, घरी आल्यावर साबणाने पाय धुवावेत. डॉक्सीसायक्लिनसारखी औषधं सुरुवातीलाच दिली तर चांगली लागू पडतात, पण ती डॉक्टरांनीच द्यायची. गरोदर बाई आणि लहान मुलांना वेगळं औषध लागतं. अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेतल्या तर आधीच त्रासलेल्या मूत्रपिंडावर आणखी भार येतो.

आरोग्य केंद्रात गेल्यावर नुसतं "ताप आहे" म्हणू नये. किती दिवस चिखलात होतो, पायाला कुठे कापलंय, हेही डॉक्टरांना सांगावं.