हिरवळीस खत किती व केव्हा द्यावे?

अंगणातील हिरवळ पिवळी पडू लागली की तिला खत कमी पडते, असे आपण सहज समजतो. परंतु पिवळेपणाची कारणे अनेक असतात आणि त्या प्रत्येकावर खत हा उपाय नव्हे.

पंजाबातील खरड या गावाचे उदाहरण घेऊ. चंदीगडजवळच्या या सपाट प्रदेशात हिरवळीसाठी बहुधा हरळी, म्हणजे आपल्या परिचयाची दूर्वा, लावतात. ही उष्ण हवेत वाढणारी वनस्पती होय. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत तिची वाढ थांबते व पाती पिवळसर तपकिरी होतात. ही तिची विश्रांती असते. या काळात दिलेल्या खताचा तिला फारसा उपयोग होत नाही. वाढीच्या दिवसांत मात्र नीट निरीक्षण करावे. जुनी पाती आधी पिवळी पडल्यास बहुधा नत्राची उणीव असते. कोवळी पाती पिवळी व त्यांच्या शिरा हिरव्या राहिल्यास लोहाची उणीव संभवते. तेथे नत्र देणे व्यर्थ होय.

मिश्रखताच्या पिशवीवर 10:26:26 असे तीन आकडे असतात. ते अनुक्रमे नत्र, स्फुरद व पालाश यांचे शेकडा प्रमाण दर्शवितात. हिरवळीस मुख्यतः नत्र लागते. स्फुरद व पालाश ही मातीची तपासणी करूनच द्यावीत.

युरियात शेकडा 46 नत्र असते. 100 चौरस मीटर हिरवळीस एका वेळी अर्धा किलोग्रॅम नत्र, म्हणजे सुमारे 1 किलोग्रॅम युरिया, ही कमाल मात्रा समजावी. तो कोरड्या वाळूत मिसळावा. पाती कोरडी असताना निम्मा भाग लांबीच्या दिशेने व उरलेला रुंदीच्या दिशेने फेकावा, म्हणजे पट्टे उमटत नाहीत. लगेच पाणी द्यावे. अन्यथा पाती करपतात आणि बरेचसे नत्र अमोनियाच्या रूपाने हवेत उडून जाते. मुसळधार पावसाचा रंग दिसत असेल, तर खत देणे पुढे ढकलावे.

अधिक खताने अधिक हिरवेपणा येईल, ही समजूत घातक आहे. मातीत युरियाचे रूपांतर अखेर नायट्रेटमध्ये होते. नायट्रेटवर ऋण विद्युत्‌भार असतो व मातीच्या कणांवरही बहुतांशी तोच असतो. त्यामुळे माती त्याला धरून ठेवू शकत नाही. मुळांनी न शोषलेले नायट्रेट पाण्याबरोबर खाली झिरपते व भूजलास मिळते. हेच पाणी हातपंपातून व कूपनलिकांतून घरात येते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमहून अधिक नसावे, असे भारतीय मानक सांगते. त्याचा अतिरेक झाल्यास विशेषतः बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बालकांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते.

शिवाय हे नत्र स्वस्तात निर्माण होत नाही. याच प्रदेशात सतलजकाठच्या नांगल येथे 1961 मध्ये खताचा कारखाना सुरू झाला. आरंभी तेथे भाक्रा धरणाच्या विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन मिळवीत आणि हवेतील नत्रवायूशी त्याचा संयोग घडवीत. एवढ्या श्रमाने बांधलेले नत्र वाया दवडणे योग्य नव्हे.

यावर एक सोपा उपाय आहे. कापलेल्या गवताचे बारीक तुकडे हिरवळीवरच राहू द्यावेत. ते कुजून त्यांतील नत्र मातीस परत मिळते आणि खताची गरज तेवढी कमी होते.