वर्षावास ते देवराई : थांबण्याची जुनी रीत

धकाधकीच्या जीवनात प्रार्थनेसाठी, घटकाभर शांत बसण्यासाठी वेळच उरत नाही, ही शहरवासीयांची नेहमीची तक्रार असते. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील परंपरा पाहिल्या, तर वेगळेच चित्र दिसते. येथे वेळ उरण्याची वाट पाहिली गेली नाही. तो आधीच राखून ठेवण्यात आला.

सातवाहन काळात जुन्नर ही गजबजलेली बाजारपेठ होती. कोकणातील बंदरांवर उतरलेला माल नाणेघाट चढून येथे येत असे. याच व्यापारी नगराभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी कोरली गेली. बौद्ध भिक्षू एरवी भ्रमंती करीत. पावसाळ्याचे तीन महिने मात्र एकाच ठिकाणी राहून साधना करण्याचा नियम होता. त्यालाच वर्षावास म्हणतात. विहार निवासासाठी, तर चैत्यगृह उपासनेसाठी असे. लेण्याद्रीच्या सहाव्या लेण्यातील चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकपुत्र सुलसदत्ताने दान दिल्याचे तेथील शिलालेख सांगतो. घाटाखालच्या नगरातील माणसाने घाटमाथ्यावरील उपासनेसाठी जागा करून दिली होती.

शेजारचे सातवे लेणे मूळचा विहार. खांब नसलेला प्रशस्त मंडप आणि तीन बाजूंना २० खोल्या, अशी त्याची रचना. पुढे मागील भिंतीतील मधल्या दोन खोल्या एकत्र करून तेथे गणपतीचे स्थान झाले. अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज तो हाच. उपासना बदलली, तरी उपासनेची जागा कायम राहिली.

आंबेगाव तालुक्यात भीमाशंकरच्या डोंगररांगेत आहुपे येथे देवराई आहे. देवाच्या नावाने राखलेल्या रानात कुऱ्हाड चालवायची नाही, हा देवराईचा संकेत. वर्षावासात काळ राखला जातो, देवराईत जागा.

आज अनेक भाविक दोन-तीन दिवसांत आठही गणपतींचे दर्शन उरकतात. लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून गेल्यावर मंडपात थोडा वेळ बसले, तरी यात्रेचा हेतू अधिक साधेल.

प्रत्येकाला डोंगर गाठणे शक्य नाही. मात्र दिवेलागणीची दहा मिनिटे आणि घरातला एक कोपरा ठरवता येतो. त्या वेळेत मोबाईल बंद आणि दुसरे काम नाही, एवढा नियम पुरेसा आहे. वेळ मिळाला तर बसू, असे म्हटले की तो मिळत नाही. ठरवला तरच मिळतो.