जादूघराचे दार

इंग्रजी अमदानीत ज्या गावी लष्कराची छावणी किंवा सरकारची मोठी कचेरी असे, तेथे बहुधा एक इमारत अशी असे की तिच्यासमोरून जाताना मुले भराभर पावले उचलीत. खिडक्या उंच, दार बंद. महिन्यातून एखाद्या संध्याकाळी काही प्रतिष्ठित गृहस्थ काळा पोशाख करून, काखेत चपटी पेटी घेऊन आत जात व रात्री उशिरा बाहेर पडत. आत काय चालते हे कोणी सांगत नसे. जे सांगितले जात नाही ते लोक आपल्या कल्पनेने भरून काढतात. म्हणून या घराला लोकांनीच नाव दिले: जादूघर.

या जादूघरात जादू नव्हती. ते फ्रीमेसन नावाच्या बंधुसंघाचे लॉज होते. आज लॉज म्हटले की आपल्याला एस. टी. स्थानकाजवळचे मुक्कामाचे ठिकाण आठवते. परंतु जुन्या इंग्लंडात देवळे व किल्ले बांधणारे गवंडी कामाच्या जागी जी खोपी उभारीत, तिला लॉज म्हणत. तेथे हत्यारे ठेवावी, दुपारची भाकरी खावी, नव्या उमेदवाराला कसब शिकवावे, असा तिचा उपयोग. पुढे या गवंड्यांच्या मंडळींत गवंडी नसलेले लोकही येऊ लागले. लंडनच्या परंपरेप्रमाणे २४ जून १७१७ रोजी तेथील चार लॉजांनी एका खाणावळवजा गुत्त्यात जमून आपली वरिष्ठ संस्था, म्हणजे ग्रँड लॉज, स्थापिली, आणि १७२३ मध्ये जेम्स अँडरसन याने तिची नियमावली छापून प्रसिद्ध केली. हिंदुस्थानात कलकत्त्याला पहिले लॉज निघाले ते १७३० च्या सुमारास, म्हणजे प्लासीच्या लढाईच्या आधीच!

आता आत काय होते ते पाहू. गवंडीकाम गेले, पण गवंड्याची हत्यारे राहिली, आणि त्यांना नीतीचा अर्थ देण्यात आला. गुण्याने कोपरा काटकोनात येतो, तसे वर्तन सरळ असावे. ओळंबा भिंत सरळ उभी राहते की नाही ते सांगतो, तसे माणसाने ताठ राहावे. आणि पाणसळ म्हणजे सर्वांची पातळी एक. लॉजच्या दाराबाहेर कोणी न्यायमूर्ती असो की कारकून, आत तो ‘बंधू’. शिकाऊ, कारागीर आणि उस्ताद अशा तीन पायऱ्या. प्रत्येक पायरीवर एक नाट्यरूप विधी आणि एक शपथ. त्या चपट्या पेटीत असते ते कातड्याचे आखूड वस्त्र. काम करताना गवंडी कमरेला बांधीत, त्याचीच ही आठवण. सभा संपली म्हणजे एकत्र भोजन. मग एखाद्या आजारी बंधूची विचारपूस, मृताच्या विधवेला मदत, अनाथांच्या शिक्षणाची तजवीज. १७८८ मध्ये लंडनच्या मेसन लोकांनी बंधूंच्या मुलींकरिता शाळा काढली होती.

तेव्हा संस्थेचे तत्त्व उदात्त, कार्य उपयुक्त. मग तिचे सारे दुखणे कोठे होते? माझ्या मते ते दारात होते.

लॉजच्या दारावर आतून एक व बाहेरून एक असे दोन पहारेकरी असतात. बाहेरच्याच्या हाती तलवार असते. नवा सभासद घ्यायचा की नाही हे गुप्त मतदानाने ठरते. पेटीत प्रत्येकाने एक गोळी टाकायची. पांढरी म्हणजे अनुकूल, काळी म्हणजे प्रतिकूल. काळ्या गोळ्या ठरलेल्या मोजक्या संख्येइतक्या निघाल्या, आणि कित्येक ठिकाणी तर एकच निघाली, की उमेदवार परत. कारण कोणी सांगायचे नाही, कोणी विचारायचे नाही. आत पाणसळ आणि दाराशी काळी गोळी, असा हा विलक्षण संसार. ‘विश्वाच्या महान शिल्पकारा’वर श्रद्धा असलेला कोणत्याही धर्माचा सद्वर्तनी पुरुष येथे येऊ शकतो, असे नियम सांगत होता. तो नियम खरा की खोटा, हे हिंदी माणसाने दार ठोठावले तेव्हा कसास लागले.

ठोठावणारा पहिला ठळक माणूस आपल्या मुंबईचाच. माणेकजी खरसेटजी हे पारशी गृहस्थ. १८०८ चा जन्म, पुढे न्यायाधीश झाले. त्यांनी मुंबईच्या लॉजमध्ये प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. माणेकजी युरोपात गेले, पॅरिसच्या एका लॉजने त्यांना दीक्षा दिली, आणि ते मेसन होऊन परत आले. आता तरी दार उघडावे! कारण मेसन हा जगात कोठेही गेला तरी बंधूच, हे तर त्या संघाचे ब्रीद. तरीही मुंबईच्या इंग्रज बंधूंना या बंधूशेजारी बसणे जड वाटले.

येथे एक आतला माणूस पुढे आला. डॉ. जेम्स बर्न्स हे कंपनीच्या नोकरीतील स्कॉच वैद्य. सिंधच्या अमिरांच्या उपचारासाठी गेलेले, आणि १८४१ मध्ये काबुलात मारल्या गेलेल्या अलेक्झांडर बर्न्सचे वडील बंधू. पश्चिम हिंदुस्थानातील स्कॉटिश लॉजांचे ते प्रमुख होते. सख्ख्या भावाला आशियातल्या एका शहरात जमावाने ठार केल्यावर दोनच वर्षांनी, १८४३ च्या डिसेंबरात, याच माणसाने हिंदी लोकांकरिता ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज मुंबईत स्थापन केले. जुन्या लॉजचे दार उघडेना, तेव्हा त्यांनी शेजारी नवे दार पाडले. त्यातून पारशी आणि मुसलमान आत आले.

हिंदूंना मात्र आणखी थांबावे लागले. तुमचे देव अनेक, मग एका ईश्वरावर श्रद्धा कशी? तुम्ही शपथ कोणत्या ग्रंथावर घेणार? तुमची जात तुम्हाला आमच्या पंक्तीस बसू देईल काय? असे आक्षेप होते. शेवटचा आक्षेप आपल्यालाही लाजविणारा आहे हे कबूल केले पाहिजे, कारण तो सर्वस्वी खोटा नव्हता. दारे दोन्ही बाजूंनी बंद होती. कलकत्त्याचे प्रसन्नकुमार दत्त यांनी १८६३ मध्ये अर्ज केला आणि त्यांना दीक्षा मिळाली ती १८७२ मध्ये. नऊ वर्षे त्यांनी तक्रार न सोडता पत्रव्यवहार केला. नियम तुमचाच आहे, तो पाळा, एवढेच त्यांचे म्हणणे. ज्या ‘अँकर अँड होप’ लॉजमध्ये दत्त शिरले, त्याच लॉजमध्ये १८८४ मध्ये नरेंद्रनाथ दत्त नावाचा एक एकवीस वर्षांचा तरुण दाखल झाला. त्यालाच पुढे जग स्वामी विवेकानंद म्हणून ओळखू लागले. दादाभाई नवरोजी, फिरोजशहा मेहता, मोतीलाल नेहरू हेही मेसन होते.

एकदा दार उघडल्यावर आत काय झाले? मुंबईत जन्मलेला रुडयार्ड किपलिंग १८८६ मध्ये लाहोरच्या लॉजमध्ये दाखल झाला. त्या लॉजची आठवण त्याने पुढे एका कवितेत सांगितली आहे. हिंदू, मुसलमान, शीख, ज्यू, युरोपियन असे नाना लोक तेथे बरोबरीने बसत; मात्र कोणाची जात बाटू नये म्हणून मेजवानीचा बेत सहसा करीत नसत. साम्राज्याचा कडवा अभिमानी असलेल्या कवीलाही ती बैठक जन्मभर पुरली, यावरून एका खोलीत शेजारी बसण्याचे सामर्थ्य केवढे असते ते ध्यानात येईल. पण हेही ध्यानात यावे की, ती समता खोलीपुरतीच होती. बाहेर पडले की एक राज्यकर्ता आणि दुसरा प्रजाजन.

१९४७ मध्ये राज्यकर्ते गेले. ज्या लॉजांचे निम्मे-अधिक सभासद गोरे अधिकारी व व्यापारी, ती ओस पडणार अशी भीती होती. काही बंदही झाली. परंतु संस्था जगली, आणि का जगली हे समजून घेण्यासारखे आहे. माणेकजी आणि दत्त यांनी शतकभर आधी दार उघडून घेतले होते, म्हणून खुर्च्या रिकाम्या झाल्या तेव्हा त्यांवर बसायला माणसे तयार होती. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी दिल्लीत ‘ग्रँड लॉज ऑफ इंडिया’ ही स्वतंत्र वरिष्ठ संस्था स्थापन झाली. रामपूरचे नवाब रझा अली खान हे तिचे पहिले ग्रँड मास्टर. इंग्लंड, स्कॉटलंड किंवा आयर्लंड यांच्या छत्राखालीच राहू इच्छिणाऱ्या लॉजांना तशी मोकळीक दिली गेली. आणि शपथेचा प्रश्न? तो किती साधेपणाने सुटला पाहा! हिंदी लॉजच्या मध्यभागी गीता, कुराण, बायबल, गुरुग्रंथसाहेब, अवेस्ता असे निरनिराळे धर्मग्रंथ मांडतात, आणि ज्याने त्याने आपल्या ग्रंथावर हात ठेवावा. ज्या अडचणीपायी दत्तांना नऊ वर्षे ताटकळविले, ती एका चौरंगावर मिटली.

याउलट अमेरिकेत पाहा. तेथे प्रिन्स हॉल नावाच्या काळ्या गृहस्थाला व त्याच्या साथीदारांना १७७५ मध्ये एका लष्करी लॉजने दीक्षा दिली. पण गोऱ्या अमेरिकन बंधूंनी त्यांना जवळ केले नाही. अखेर १७८४ मध्ये थेट इंग्लंडहून त्यांना सनद मिळाली. त्यांच्या परंपरेतल्या लॉजांना एका गोऱ्या ग्रँड लॉजने मान्यता दिली आणि ती आजवर टिकली, असे प्रथम घडले ते कनेक्टिकट राज्यात, १९८९ मध्ये. सनदेनंतर दोनशे पाच वर्षांनी! ह्या अवधीत संख्या मात्र फुगली होती. १९५९ मध्ये अमेरिकेत मेसन सभासद ४१ लाखांवर होते. २०२० मध्ये ते ९ लाखांच्या आत आले. सर्व दोष दाराला देणे न्यायाचे होणार नाही. विमा कंपन्या आणि सरकारी पेन्शने यांनी लॉजचे मदतीचे काम घेतले, दूरचित्रवाणीने संध्याकाळ घेतली, मोटारीने माणसे गावाबाहेर राहायला नेली. परंतु गळती लागल्यावर उपाय कोणते झाले तेही पाहावे. कित्येक ग्रँड लॉजांनी १९९० नंतर असे ठरविले की, जे तीन विधी पूर्वी काही महिन्यांत होत ते एकाच दिवसात, मोठ्या सभागृहात, शेकडोंना एकदम द्यावे. हजारो नावे नोंदली गेली, तरी गळती थांबली नाही. अनोळखी माणसाला बंधू व्हायला जो वेळ लागतो, तोच वाचविला तर मागे काय उरणार?

बंद दाराचा दुसराही एक धोका आहे. इटलीत ‘पी-२’ नावाचे एक लॉज मातृसंस्थेने दूर केल्यावरही गुपचूप चालू राहिले. १९८१ मध्ये पोलिसांच्या हाती त्याची यादी लागली. तीत मंत्री, सेनापती, पेढीवाले अशी नऊशेंवर नावे होती, आणि त्या प्रकरणात सरकार कोसळले. गुप्ततेने मैत्री दृढ होते तसे कारस्थानही दृढ होते; बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. म्हणूनच गेल्या काही दशकांत इंग्लंडातील व हिंदुस्थानातील लॉजे आपल्या इमारती लोकांना दाखवू लागली आहेत. मुंबईच्या फोर्ट भागातील फ्रीमेसन्स हॉलची वास्तू पाहायला लोक जातात आणि बाहेर येऊन म्हणतात, येथे जादू नाहीच!

एक दार अद्यापही लागलेलेच आहे. १७२३ च्या नियमावलीने स्त्रियांना वगळले ते ग्रँड लॉज ऑफ इंडियात आजही तसेच आहे. स्त्रियांनी मग माणेकजींचाच मार्ग धरला. १८९३ मध्ये पॅरिसला मारिया देरेम या विदुषीने स्त्री-पुरुषांचा संयुक्त संघ काढला. ॲनी बेझंट १९०२ मध्ये त्यात गेल्या आणि तो हिंदुस्थानात आला. इंग्लंडात तर केवळ स्त्रियांची लॉजे शंभरांहून अधिक वर्षे चालली आहेत. गंमत अशी की, ज्या माणेकजींनी मेसन होण्यासाठी पॅरिस गाठले, त्यांनीच १८६३ मध्ये मुंबईत मुलींना इंग्रजी शिक्षण देणारी अलेक्झांड्रा शाळा काढली. स्वतः दाराबाहेर उभे राहिल्यावर त्यांना आणखी कोण बाहेर उभे आहे ते दिसले असावे.

आपल्यापैकी फार थोड्यांचा फ्रीमेसन लोकांशी संबंध असेल. पण आपण सारेच कोणत्या ना कोणत्या मंडळाचे, वाचनालयाचे, ज्ञातिसंस्थेचे, सहकारी पतपेढीचे सभासद आहोत. वर्षाच्या सभेत आपण नेहमी रडतो: तरुण येत नाहीत, काळ बदलला. मग भिंतींना रंग देतो, घटनेत दुरुस्ती करतो, वर्गणी कमी करतो. त्याआधी एक सोपी पाहणी करून पाहावी. गेल्या दहा वर्षांत आपल्या दाराशी कोण आले, आणि ते परत का गेले? आपल्या गोळ्या दिसत नाहीत एवढेच. कधी त्या ‘पाहू, कळवू’ या शब्दांत असतात, कधी पुढच्या रांगेतल्या राखून ठेवलेल्या खुर्चीत, कधी मळ्यातल्या, गिरणीतल्या माणसाच्या बोलण्याला हळूच हसण्यात.

वसंतात भरणाऱ्या या व्याख्यानांना दारावर तलवारवाला नसतो, हे त्यांचे भाग्य आहे. जो येईल त्याने बसावे. पण मंडपाचे दार मोकळे असले म्हणजे संस्थेचे दार मोकळे असतेच असे नाही. पाणसळ भिंतीवर टांगून ठेवण्याची वस्तू नव्हे. गवंडी प्रत्येक नव्या थराला ती लावून पाहतो. आपणही दर वर्षी, आणि प्रथम उंबरठ्यावर, ती लावून पाहिली पाहिजे.