भंगारातली जीप ते टेबलावरची बुगाटी: स्केल मॉडेल शून्यापासून कसं बनवायचं?

दिवाळीत किल्ला केलाय ना? साताऱ्याकडे तर अंगणात प्रतापगड नाहीतर अजिंक्यतारा उभा राहतोच. आता तो किल्ला आठवा. दरवाजा चार बोटांचा आणि त्याच्यासमोरचा मावळा वीतभर! कुणाला त्यात काही खटकत नाही, कारण तो किल्ला मापात नसतो. सगळं एकाच प्रमाणात लहान केलं की त्याला स्केल मॉडेल म्हणतात. आणि तयार किट न आणता प्रत्येक भाग स्वतः कापून बनवला, तर ते झालं स्क्रॅच बिल्ड.

या लेखात जुन्या रेसिंग कारचं असं मॉडेल कसं बनवायचं ते पाहूया. त्याआधी आपल्याकडची एक गाडी बघू.

देवराष्ट्रेची जीप

देवराष्ट्रे हे सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातलं गाव, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. १९४९ पर्यंत हा भाग सातारा जिल्ह्यातच होता. इथल्या दत्तात्रय लोहार यांनी जुन्या टाकाऊ गाड्यांचे भाग जोडून मुलासाठी छोटी जीप बनवली. खर्च साधारण ६० हजार रुपये. गाडी सुरू होते ती दुचाकीसारखी किक मारून! डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिचा व्हिडिओ शेअर केला आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती बोलेरो लोहार कुटुंबाला मिळालीसुद्धा.

ही जीप शून्यापासून बनवलेली आहे, पण ती स्केल मॉडेल नाही. का? कारण तिच्यात माणूस बसतो. गाडी अर्धी करता येते, ड्रायव्हर अर्धा करता येत नाही. सीट आणि स्टीअरिंग माणसाच्या मापाचंच लागतं. मग बाकीचं किती लहान करायचं, हे नजरेनं ठरवावं लागतं.

महिंद्रांनी तेव्हाच आणखी एक गोष्ट लिहिली होती: ही गाडी नियमांत बसत नाही, त्यामुळे आज ना उद्या तिला रस्त्यावर अडवलं जाईल. टेबलावरच्या गाडीला आरटीओ अडवत नाही. तिथे एकच नियम चालतो, मापाचा. तो मोडला की गाडी खेळण्यासारखी दिसते.

कुठली गाडी निवडायची?

पहिल्या मॉडेलसाठी बुगाटी टाइप ३५ चांगली. ही फ्रेंच रेसिंग कार १९२४ मध्ये लिऑनच्या ग्रां प्रीमध्ये पहिल्यांदा उतरली. त्या शर्यतीत टायरनी दगा दिला, पण पुढे याच गाडीनं भरपूर शर्यती जिंकल्या.

आपल्यासाठी तिचे दोन फायदे आहेत. त्या काळातल्या बऱ्याच रेसिंग कारना सायकलसारखी तारांची चाकं असायची. तसे बारीक स्पोक बनवणं नवशिक्याला जड जातं. टाइप ३५ ला मात्र ॲल्युमिनियमची ओतीव चाकं होती, आठ चपट्या दांड्यांची. दुसरं म्हणजे तिचं रेडिएटर घोड्याच्या नालेसारखं, मागचा भाग निमुळता आणि रंग फ्रान्सचा निळा. एवढं जमलं तरी गाडी लगेच ओळखू येते.

सगळं गणित एका भागाकारात

प्रमाण १:१२ घेऊ. म्हणजे खऱ्या गाडीचं प्रत्येक माप भागिले १२.

- व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर: २४०० मिमी ÷ १२ = २०० मिमी
- टायरचा व्यास: ७१० मिमी ÷ १२ = सुमारे ५९ मिमी
- टायरची जाडी: ९० मिमी ÷ १२ = ७.५ मिमी

इथे बहुतेक जण एक गोष्ट विसरतात. पत्र्याच्या जाडीलाही १२ नं भागायचं असतं. खऱ्या गाडीचा पत्रा १ मिमी असेल, तर मॉडेलवर तो ०.०८ मिमी, म्हणजे जवळपास कागदाइतका! आपण ३ मिमीच्या शीटची बॉडी केली आणि तिची कड उघडी ठेवली, तर ती ३६ मिमी जाड पत्र्यासारखी दिसते. डोळ्याला चूक सांगता येत नाही, पण काहीतरी खटकतं. म्हणून जिथे कड दिसते (बॉनेट, कॉकपिटचा काठ) तिथे कोल्ड्रिंकच्या रिकाम्या कॅनचा पत्रा वापरा. तो साधारण ०.१ मिमी असतो.

मोबाईलनं माप कसं काढायचं?

प्रत्येक भागाचं माप नेटवर मिळत नाही. मग गाडीचा अगदी बाजूने काढलेला फोटो शोधा. समजा, फोटोत व्हीलबेस १२०० पिक्सेल भरला. खरा व्हीलबेस २४०० मिमी, म्हणजे १ पिक्सेल = २ मिमी. आता फोटोत दिसणारा कुठलाही भाग मोजा, २ नं गुणा, १२ नं भागा. झालं माप!

फक्त फोटो नीट निवडा. मोबाईलचा मुख्य कॅमेरा वाइड असतो. जवळून काढलेल्या फोटोत पुढचा भाग फुगतो, मागचा आकसतो. स्वतः एखाद्या गाडीचा फोटो काढणार असाल, तर दहा-पंधरा पावलं मागे जा, झूम करा आणि फोन चाकाच्या मध्याच्या उंचीवर धरा. फोनमधलं मेजर ॲप खोली मोजायला ठीक आहे, पण इथे मिलिमीटरचा हिशोब असतो. १:१२ मध्ये १ मिमीची चूक म्हणजे खऱ्या गाडीवर १२ मिमी.

सामान कुठे मिळेल?

कराड असो की विटा, फ्लेक्सच्या दुकानात सनबोर्डचे तुकडे उरलेले असतात, ते मागून घ्या. गाडीचे आडवे छेद सनबोर्डमधून कापून ओळीने चिकटवा, मधली जागा भरा आणि वरून डेंटिंग-पेंटिंगवाले वापरतात ती पुट्टी लावा. सुकल्यावर पॉलिश पेपरने घासा: आधी जाड, मग ४०० आणि ८०० नंबर. बोनेटचे पट्टे आणि एक्सॉस्टसाठी तांब्याची वायर चालते.

पहिल्यांदा चाकं बनवा, बॉडी नंतर. चारही चाकं एकसारखी झाली नाहीत, तर बॉडी कितीही सुंदर असली तरी गाडी लंगडी दिसते.

या चुका टाळा

- थर्माकोलवर थेट स्प्रे पेंट मारू नका. थर्माकोल विरघळतो. फेविक्विकनेही तेच होतं.
- फेविक्विक सुती कापडाने पुसू नका. सुतावर ते झपाट्याने तापतं, बोट भाजू शकतं.
- पीव्हीसी सनबोर्ड तापवलेल्या सळईने कापू नका. त्याचा धूर घातक असतो. धारदार कटर आणि स्टीलची पट्टी वापरा.
- मेटॅलिक रंग टाळा. त्यातले चमकणारे कण लहान मॉडेलवर फार मोठे दिसतात.

शेवटची परीक्षा

मॉडेल झालं की फोन उलटा धरा, म्हणजे कॅमेरा टेबलाला टेकेल. थोडं मागे सरकून, झूम करून चाकाच्या उंचीवरून फोटो काढा. वरून बघताना लपलेली प्रत्येक चूक या फोटोत दिसते: वाकडा ॲक्सल, जाड काठ, एका बाजूला झुकलेलं रेडिएटर. ते दुरुस्त करा, परत फोटो काढा. फोटो बघून कुणी "ही गाडी कुठे बघितलीस?" असं विचारलं, तर समजा माप जमलं.

आणि पहिलं मॉडेल फसलं तरी टाकू नका. त्याची चाकं दुसऱ्याला लागतात!